एक प्लेट चिकन नूडल्सचा हिशेब



कोरेगावात संध्याकाळी सातच्या सुमाराला सातारा-पंढरपूर रस्त्याने चालत निघालं, की वडापाव आणि भेळेच्या गाड्यांच्या जोडीला एक गाडा हमखास दिसतो. लाल-पिवळ्या अक्षरांत 'चायनीज' लिहिलेलं, खाली भगभगणारी शेगडी आणि कढईवर उलथणं आपटल्याचा खणखणाट. गिऱ्हाईक बहुतेक तरुण. कुणी वाठारकडचा, कुणी रहिमतपूरकडचा, कॉलेज किंवा क्लास आटोपून गावाकडच्या एसटीची वाट बघणारा. सकाळचा डबा कधीच जिरलेला असतो आणि खिशात एका प्लेटीपुरते पैसे असतात. मागणी ठरलेली असते, 'एक हाफ चिकन नूडल्स, तिखट जास्त.'

आहाराविषयी बोलायला कॉलेजात गेलं, की या प्लेटीबद्दल दोन प्रश्न हटकून येतात. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं विचारतात, 'चिकन नूडल्स खाल्ल्या म्हणजे प्रोटीन मिळतं ना?' आणि त्यांच्या आया विचारतात, 'ते मैद्याचं विषच की हो, पोरांना कसं सोडवायचं?' दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण एका शब्दात उत्तर देण्याजोगे नाहीत. म्हणून आज जरा बैजवार हिशेब मांडू या. पदार्थ कुठून आला, इतका आवडतो का आणि पोटात गेल्यावर त्याचं काय होतं.

आधी नाव घेऊ. 'चाऊ मीन' या चिनी नावाचा अर्थ अगदी साधा आहे, परतलेल्या नूडल्स. चाऊ म्हणजे परतणं आणि मीन म्हणजे पिठाच्या शेवया. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात कुणाच्याही घरी होणारा हा पदार्थ. १८४८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि या प्रांतातले हजारो पुरुष जहाजाने तिकडे गेले. आधी खाणीत आणि मग रेल्वेमार्गावर राबले. त्यांच्यासाठी त्यांच्यातल्याच काहींनी खानावळी काढल्या. पुढे १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा केला. व्यापाऱ्यांना मात्र त्यातून सूट होती, आणि १९१५ साली हॉटेलमालकाचीही गणती व्यापाऱ्यात होऊ लागली. हॉटेल काढलं की नात्यातल्या माणसांना बोलावून घेण्याची वाट मोकळी व्हायची! अमेरिकेत चायनीज हॉटेलं इतकी वाढली, त्यात चवीइतकाच वाटा या कायद्यातल्या फटीचाही होता. तो कायदा १९४३ साली रद्द झाला, हॉटेलं राहिली.

गिऱ्हाईक अमेरिकन म्हटल्यावर पदार्थही बदलला. मांस वाढलं, रस्सा दाट आणि गोडसर झाला, आणि अमेरिकेच्या पूर्व भागात तर नूडल्स परतण्याऐवजी तळून कुरकुरीत करू लागले. मॅसॅच्युसेट्स राज्यात फॉल रिव्हर नावाचं कापड गिरण्यांचं गाव आहे. तिथे तळलेल्या नूडल्स आणि रस्सा पावात घालून 'चाऊ मीन सँडविच' विकत असत. गिरणी कामगाराचं स्वस्त आणि पोटभर खाणं. आपल्या गिरणगावातला वडापाव आठवला ना? माणसं कुठलीही असोत, पाळी सुटल्यावरची भूक सारखीच.

आणि हा अमेरिकन अवतार आपल्याकडेही पोचलेला आहे. कुठल्याही चायनीज हॉटेलच्या मेनूकार्डावर 'अमेरिकन चॉप्सी' म्हणून जे छापलेलं असतं तेच ते. तळलेल्या नूडल्स, वर टोमॅटो सॉसचा लाल गोड रस्सा, त्यावर अंडं. गंमत म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात जाऊन 'अमेरिकन चॉप सुई' मागितलंत, तर पुढ्यात मॅकरोनी आणि खिमा येईल. नाव तेच ठेवून प्रत्येकाने आपापल्या सोयीचं शिजवलेलं आहे.

आपल्या गाड्यावरच्या नूडल्सचा रस्ता मात्र अमेरिकेतून नव्हे, कलकत्त्यातून आलेला आहे. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात तोंग आच्यू नावाच्या एका चिनी माणसाने तिथून जवळच साखरेचा कारखाना काढला, आणि त्याच्या मागोमाग आणखी चिनी माणसं आली. त्यांतला हक्का समाज पुढे टांगरा भागात कातडी कमावण्याच्या धंद्यात स्थिरावला. 'हक्का नूडल्स' हे नाव त्या समाजावरून पडलेलं आहे. १९६२ च्या युद्धानंतर या लोकांचे फार हाल झाले. अनेक कुटुंबांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. सुटल्यावर कित्येकांनी देश सोडला, तर काही मुंबईसारख्या शहरांत गेले. कलकत्त्यातच जन्मलेले नेल्सन वांग हेही नशीब काढायला मुंबईत आलेले. १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची अशी आपली फोडणी केली, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरमध्ये घोळून तळलेले कोंबडीचे तुकडे त्यात सोडले. हेच चिकन मंचुरियन. मंचुरियात ते कुणी शिजवत नाही.

'शेजवान'चंही तसंच. हा शब्द चीनच्या सिचुआन प्रांतावरून आलेला. तिथल्या स्वयंपाकात जीभ बधिर करणारी एक मिरी असते. आपल्या शेजवान चटणीत तिचा पत्ता नाही, आहे ती लाल मिरची आणि लसूण. पण त्या मिरीची सख्खी बहीण कोकणात बांगड्याच्या आमटीत पडते, तिला आपण तिरफळ म्हणतो. तेव्हा कुणाला खरी सिचुआन चव बघायचीच असेल, तर घाट उतरून चिपळूणपर्यंत गेलं तरी काम भागेल.

एवढं सगळं होऊनही कोरेगावच्या गाड्यावर चिकन नूडल्स मिळाल्या नसत्या, जर एक गोष्ट घडली नसती. ती म्हणजे ब्रॉयलर कोंबडी, जिला आपण सगळे 'बॉयलर' म्हणतो. नीट विचार करा. गावठी कोंबडी शिजायला किती वेळ लागतो? ती वर्षभर उकिरडे उकरत हिंडलेली असते. तिच्या स्नायूंना बांधून ठेवणारे धागे वयाबरोबर चिवट होत जातात, ते सुटायला तास-दीड तास रटरटावं लागतं. म्हणून तर तिचा रस्सा इतका चांगला होतो. पण हीच कोंबडी चिरून तीन मिनिटं कढईत परतली, तर चावता चावणार नाही. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जातो. कोवळं मांस, धागे नरम. बोटाएवढे तुकडे तापल्या कढईत दोन-तीन मिनिटांत शिजतात. १९७१ साली पुण्यात डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, आणि त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत महाराष्ट्रात कोंबडी ही सणाची किंवा पाहुण्याची गोष्ट न राहता कुठल्याही दिवशी मिळणारी वस्तू झाली. गाड्यावरच्या चिकन नूडल्स ही या बदलाची पोर आहे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा राज्यभर कोंबडी खाणं एकदम थांबलं होतं. त्या वेळी कळलं, की तिच्यावर किती जणांचं पोट आहे. (नीट शिजवलेल्या कोंबडीतून तो रोग होत नाही, हे तेव्हाही सांगावं लागत होतं आणि आजही लागतं.)

आता, हे इतकं आवडतं का?

पोरांना चटक लागली असं म्हणून आपण मोकळे होतो. पण चटक लागण्यामागे कारणं असतात, आणि ती स्वयंपाकघरातलीच आहेत. पाणी कितीही उकळलं तरी साधारण शंभर अंशांच्या वर जात नाही. त्यामुळे रश्श्यात शिजलेलं मांस मऊ होतं, पण तांबूस होत नाही. कोरड्या, कडक तापलेल्या कढईत मात्र कोंबडीतली प्रथिनं आणि थोडीशी साखर यांची एकशे चाळीस अंशांच्या पुढे गाठ पडते, आणि त्यातून खमंगपणा देणारे अनेक नवे पदार्थ तयार होतात. भाकरीवरचे काळे-तांबूस डाग, भाजलेला शेंगदाणा, कडेला करपलेला कांदा यांचा वास हा त्याच क्रियेचा. लुई माइयार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं. गाड्यावरचा गडी ज्वाळा कढईत घेतो ते केवळ दाखवायला नव्हे. घरच्या शेगडीला ती आच नसते, म्हणून घरच्या नूडल्सना 'गाड्यासारखी' चव येत नाही.

दुसरं कारण नूडल्सच्या लवचिकपणाचं. मैद्यात पाणी घालून मळलं, की गव्हातली दोन प्रथिनं एकमेकांत गुंतून ताणलं जाणारं जाळं तयार होतं. पुरणपोळीची कणीक तिंबणाऱ्या बाईला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. नूडल्स उकडून, गार पाण्याने धुऊन, तेलाचं बोट लावून ठेवतात. गार झाल्यावर वरचा स्टार्च घट्ट होतो, आणि मग परतताना लगदा होत नाही. त्याच्याबरोबर कोबी आणि ढोबळी मिरची अर्धी कच्ची, करकरीत. मऊ, करकरीत, खमंग, तिखट, आंबट हे सगळं एका घासात.

तिसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपलं जेवण म्हणजे भाकरी आणि कोरड्यास. पोट भरायला भाकरी, आणि ती खाली उतरायला थोडंसं चवीचं काही. चिनी शेतकऱ्याच्या घरीही हीच मांडणी आहे. भात किंवा नूडल्स ही मुख्य वस्तू, आणि मांस-भाजी तोंडी लावायला. एक किलो कोंबडीत आठ माणसांचं जेवण उरकायचं तर आपण रस्सा वाढवतो. ते तुकडे बारीक चिरून नूडल्समध्ये पसरतात, म्हणजे प्रत्येक घासाला मांसाची चव लागते. थोडं मांस पुष्कळ वाटावं, यासाठी गरिबाने काढलेली ही युक्ती आहे. आपला सगळा हिशेब इथेच येऊन अडतो, कारण मांस पुष्कळ वाटतं पण असतं थोडंच.

तर आता कागद-पेन्सिल घ्या. समजा, गाड्यावरच्या एका फुल प्लेटीत शंभर ग्रॅम कोरड्या नूडल्स आहेत. उकडल्यावर त्या अडीच पट होतात. त्यांतून साडेतीनशे कॅलरी आणि दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. कोंबडीचे तुकडे चाळीस ग्रॅम धरू. मोजून पाहिलंत तर तेवढे तरी निघतात का, ते तुम्हीच बघा. त्यांतून नऊ ग्रॅम प्रथिनं. भाजी पन्नास ग्रॅम, म्हणजे मूठभर. आणि तेल? तीन मोठे चमचे धरले तर चाळीस ग्रॅम झालं, आणि तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला नऊ कॅलरी या दराने साडेतीनशेहून जास्त कॅलरी एकट्या तेलाच्या. सॉस आणि कॉर्नफ्लोअर धरून एकूण बेरीज आठशेच्या आसपास. म्हणजे जवळजवळ निम्म्या कॅलरी तेलातून आल्या, आणि प्रथिनं मिळाली वीस ग्रॅम. त्यांतलीही निम्मी मैद्याची.

साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. रोज पहाटे ग्राउंडवर पळणाऱ्या मुलाला त्याहून जास्त लागतात. तेव्हा भरतीच्या मुलाला उत्तर असं, की प्रोटीन मिळतं, पण नाव चिकनचं आणि भरणा मैद्या-तेलाचा. हाफ प्लेट घेतलीस तर त्याच्याही निम्मं. त्यापेक्षा त्याच गाड्यावर दोन अंडी फोडून घालायला सांग, बारा ग्रॅमची भर पडेल आणि खिशालाही ते परवडेल.

आता शेजारी आपलं जेवण ठेवू. कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा सगळ्यांना ठाऊक आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पन्नास ग्रॅम कोरडा घेवडा भिजवून केलेली उसळ आणि ज्वारीच्या दोन भाकरी, यांतून प्रथिनं तेवीस ग्रॅमच्या आसपास मिळतात. म्हणजे नूडल्सच्या फुल प्लेटीहून थोडी जास्तच. शिवाय चोथा वीस ग्रॅमपर्यंत, जो त्या प्लेटीत चार-पाच ग्रॅमच्या पुढे जात नाही. चोथा नसला की पोट लवकर रिकामं होतं. म्हणून सात वाजता फुल प्लेट खाऊन घरी पोचलेला मुलगा नऊ वाजता 'आई, भूक लागली' म्हणतो. (घेवडा मात्र रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, चांगला उकळून शिजवावा. कच्चट राहिला तर उलट्या-जुलाब होतात.)

पण म्हणून नूडल्सना विष म्हणायचं का? मला ते पटत नाही. शेवया आपल्याही घरात होत्याच. चैत्र-वैशाखात अंगणात बाज टाकून आपल्या आज्या शेवया वाळवत होत्या. कृष्णाकाठच्या खपली गव्हाच्या शेवयांचं कौतुक आजही आहे, पण त्याही पीठ वस्त्रगाळ करून, कोंडा काढूनच होतात. परतण्याची पद्धत तर फारच चांगली आहे. भाजी दोन मिनिटांत आचेवरून उतरते आणि पाणी फेकून द्यावं लागत नाही. त्यामुळे कोबी आणि ढोबळी मिरचीतलं क जीवनसत्त्व तासभर उकळलेल्या भाजीपेक्षा जास्त टिकतं. गाजरातलं कॅरोटीन तेलाबरोबर अंगी लागतं. क जीवनसत्त्व सोबत असलं की धान्य-भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं, आणि मांसाचे चार तुकडेही त्याला मदत करतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. घरच्या मुलींच्या ताटात ढोबळी मिरची आणि कोंबडी एकत्र येत असेल, तर मी तरी नाक मुरडणार नाही. पद्धत चांगली आहे, बिघडलं आहे ते प्रमाण.

आता अजिनोमोटोविषयी बोलायलाच हवं, कारण त्याच्याविषयी जितकी भीती आहे तितकी तेलाविषयी नाही. हे एका जपानी कंपनीचं नाव आहे. पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ साली टोकियोचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सारातून तो वेगळा काढला. ग्लुटामेट टोमॅटोत असतं, चीजमध्ये असतं, आईच्या दुधातही असतं. १९६८ साली अमेरिकेत एका डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं, की चायनीज हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधड होते. कारण काय असावं, असा त्यात नुसता प्रश्न होता. पण बोट अजिनोमोटोकडे वळलं ते कायमचं. नंतर झालेल्या तपासण्यांत एवढंच दिसलं, की उपाशीपोटी एकदम तीन ग्रॅम किंवा जास्त घेतलं तर काही जणांना थोडा वेळ त्रास होतो. नेहमीच्या खाण्यात ते तितकं नसतं. तसाच टोमॅटो आणि चीज घातलेला पिझ्झा खाऊन मान दुखल्याची तक्रार कुणी केली नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. आपल्याकडे २०१५ साली मॅगीवर बंदी आली तेव्हा हा विषय पुन्हा पेटला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. ज्याला खाऊन त्रास होतो त्याने टाळावं, आणि तान्ह्या बाळाला देऊ नये, इतकं पुरे.

खरी काळजी मिठाची आहे. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात नऊशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात दोन हजार मिलिग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ. दोन चमचे सोया सॉस आणि वरून अर्धा चमचा मीठ पडलं, की दिवसाचा कोटा एका प्लेटीत संपून वर जातो. त्यावर घरी लोणचं आणि पापड आहेच. वडिलांना रक्तदाब असेल आणि मुलगा प्रेमाने पार्सल घेऊन येत असेल, तर त्या घरात अजिनोमोटोची नव्हे, सॉसच्या बाटलीची चर्चा व्हावी.

रंगाचंही तसंच. कोंबडी भडक लाल दिसावी म्हणून पडणारा रंग कित्येकदा खाण्याचा नसतोच. २०२४ च्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा नगरपालिकेने गोबी मंचुरियनवर बंदी घातली, आणि मार्चमध्ये कर्नाटक सरकारने अशा पदार्थांत कृत्रिम रंग वापरायला मनाई केली. तिथल्या तपासणीत ऱ्होडामाइन-बी सापडलं होतं. हा कापड रंगवायचा रंग आहे. ओळखायची सोपी खूण आहे. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो आणि तवंगासारखा दिसतो. बोटं आणि जीभ गुलाबी होऊन राहिली, तर ती मिरची नव्हे.

आणि शिळेपण. दुपारी उकडलेला नूडल्सचा किंवा भाताचा ढीग फडक्याखाली रात्री नऊपर्यंत बसलेला असतो. वैशाखात आपल्याकडे काय हवा असते ते सांगायला नको. पिठूळ अन्नात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू उकडूनही मरत नाहीत, गार होताना ते जागे होतात. त्याचं एक विष इतकं टणक असतं, की नंतर कढईत कितीही परतलं तरी जात नाही. १९७० नंतर इंग्लंडमध्ये चायनीज हॉटेलांतल्या फ्राइड राईसमुळे उलट्यांच्या साथी झाल्या, तेव्हा डॉक्टरांना हे नीट कळलं. म्हणून गाडा निवडताना चव नंतर बघा. नूडल्स थोड्या थोड्या उकडतो का, आणि कच्च्या कोंबडीची पाटी व सुरी वेगळी आहे का, हे आधी बघा. तळणीचं तेल काळं आणि फेसाळ दिसलं, तर चायनीज भेळ आणि चॉप्सी त्या दिवशी नको. तळलेल्या नूडल्स तेल पिऊनच बाहेर येतात.

घरी करायचं तर चार माणसांना अडीचशे ग्रॅम नूडल्स पुरेत. त्याला बिनहाडाची चारशे ग्रॅम कोंबडी, चार अंडी, आणि कोबी, गाजर, ढोबळी मिरची, कांद्याची पात मिळून सहाशे ग्रॅम भाजी घ्या. तेल चार मोठे चमचे, सोया सॉस दोन, आणि वरून मीठ नाही. याचा हिशेब माणशी साडेपाचशे-सहाशे कॅलरी आणि पस्तीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असा येतो. गाड्यावरच्या प्लेटीपेक्षा कॅलरी कमी आणि प्रथिनं पावणेदोन पट. भाजीचा ढीग बघून घरातली मुलं कुरकुरतील, तेव्हा ती लांब आणि पातळ चिरा. नूडल्सबरोबर गुंतली की वेचून बाजूला काढता येत नाही.

कोंबडी धुताना पाणी उडवू नका, जंतू ओट्यावर पसरतात. तुकडे आडव्या धाग्यांवर पातळ कापा, त्यांना अर्धं अंडं आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळून वीस मिनिटं ठेवा. त्या लेपामुळे आतला रस राहतो. नूडल्स किंचित कच्च्या असतानाच उतरवून गार पाण्याने धुवा. सगळी चिराचिरी आधी करून ताटात मांडून ठेवा, कारण एकदा कढई चढली की लसूण सोलायला वेळ मिळत नाही. कढई कोरडीच धूर येईपर्यंत तापवा, मग तेल. आधी कोंबडी घाला आणि अर्धा मिनिट हलवू नका, तिला रंग चढू द्या. आत गुलाबी राहिली नाही ना हे एक तुकडा मोडून बघा आणि बाजूला काढा. मग अंडी, मग आलं-लसूण आणि भाजी, मग नूडल्स, शेवटी कोंबडी परत घालून सॉस कडेने सोडा. आणि चौघांचं एकदम करायला जाऊ नका. घरच्या शेगडीवर कढई भरली की आच मरते, पाणी सुटतं आणि सगळं परतण्याऐवजी वाफेवर शिजतं. दोन घाणे करा. पहिला घाणा मुलांना वाढा, दुसरा होईपर्यंत ती पानावरून उठत नाहीत.